साडेसोळा डॉलरचे मत

मुंबईच्या फोर्ट भागात विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई टॉवर पाहताना अमेरिकेच्या अलाबामा राज्याची आठवण कोणाला होत नाही, आणि व्हावी असे वरकरणी काही कारणही दिसत नाही. शेठ प्रेमचंद रायचंद यांनी मातोश्री राजाबाईंच्या नावे दिलेल्या दोन लाख रुपयांतून हा मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला. दृष्टी गेलेल्या मातेला घड्याळाचे टोल ऐकू यावेत आणि सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ चुकू नये, हा त्यामागचा हेतू होता अशी आख्यायिका जैन घरांतून आजही सांगितली जाते. शेठजींच्या वैभवाचा मोठा भाग कापसाच्या व्यापारातून आला होता. १८६१ ते १८६५ या चार वर्षांत मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले, कारण अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली होती. अलाबामाचे मोबील हे त्या बंदरांपैकी एक. तेथील धक्क्यावर कापसाचे गठ्ठे अडकून पडले आणि मँचेस्टरच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या. युद्ध संपताच भाव कोसळले आणि मुंबईतील अनेक पेढ्या बुडाल्या, हाही इतिहास परिचित आहे. मोबीलच्या धक्क्यावर अडकलेला तो कापूस कोणी पिकवला होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

अलाबामाच्या मध्यातून काळ्या मातीचा एक पट्टा आडवा जातो. वऱ्हाड-मराठवाड्यातील शेतकऱ्याला ती जमीन ओळखीची वाटेल. पावसात फुगणारी, उन्हात भेगाळणारी, कापसाला मानवणारी. १८१९ मध्ये अलाबामाला राज्याचा दर्जा मिळाला आणि पुढील चाळीस वर्षांत या पट्ट्यात कापसाचे मळे उभे राहिले. १८६० च्या शिरगणतीत राज्याची लोकसंख्या ९,६४,२०१ होती, त्यांपैकी ४,३५,०८० माणसे गुलाम म्हणून नोंदलेली होती. गुलामगिरी टिकविण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांची पहिली राजधानी अलाबामातील माँटगोमेरी हीच होती. १८ फेब्रुवारी १८६१ रोजी तेथील विधानभवनासमोर जेफरसन डेव्हिस यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली. या विधानभवनाच्या पायऱ्या पुढे आणखी एकदा इतिहासात येणार होत्या.

युद्धात दक्षिण हरली, गुलामगिरी कायद्याने गेली. काही वर्षे कृष्णवर्णीय पुरुषांनी मतदानही केले. सेल्मा गावचे बेंजामिन टर्नर, जे स्वतः गुलामगिरीत जन्मले होते, ते १८७० मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून गेले. परंतु हा उजेड फार काळ टिकला नाही. १९०१ मध्ये राज्याने नवी घटना केली आणि परिषदेच्या अध्यक्षांनी तिचा हेतू गोऱ्यांचे वर्चस्व प्रस्थापित करणे हाच असल्याचे उघडपणे सांगितले. वर्णाचा उल्लेख न करता वर्णाच्या आधारे माणसे वगळण्याची युक्ती त्या घटनेत होती. मतदाराने अधिकाऱ्याचे समाधान होईल अशी परीक्षा द्यावी आणि वर्षाला दीड डॉलर मतदान-कर भरावा, तोही वयाच्या एकविसाव्या वर्षापासूनच्या थकबाकीसह. या कराने अनेक गरीब गोऱ्यांचाही हक्क हिरावला; पण राज्यकर्त्यांना त्याची फारशी खंत नव्हती.

या कराचा नेमका हिशेब एका स्त्रीच्या बाबतीत उपलब्ध आहे. माँटगोमेरीत शिवणकाम करणाऱ्या रोझा पार्क्स यांनी १९४३ मध्ये मतदार म्हणून नाव नोंदविण्याचा प्रयत्न केला आणि त्यांना नाकारण्यात आले. दुसऱ्या प्रयत्नातही अपयश आले. तिसऱ्या खेपेला, १९४५ मध्ये, त्यांचे नाव यादीत आले. तेव्हा त्या बत्तीस वर्षांच्या होत्या. अकरा वर्षांची थकबाकी, दर वर्षाचे दीड डॉलर, असे साडेसोळा डॉलर त्यांनी भरले. त्याच काळात त्यांचा सख्खा भाऊ अमेरिकन सैन्यात होता. देशासाठी लढण्यास तो पात्र होता. मत देण्यासाठी मात्र त्याच्या बहिणीला तीनदा परीक्षा द्यावी लागली.

दुसऱ्या महायुद्धाने अलाबामाचा चेहरामोहरा बदलला, ही गोष्ट त्या राज्याच्या इतिहासात अभिमानाने नोंदली जाते, आणि ती खोटी नाही. मोबीलमध्ये जहाजबांधणीचे कारखाने रात्रंदिवस चालू लागले. १९४० मध्ये ७८,७२० वस्ती असलेले ते शहर १९५० मध्ये १,२९,००९ वर पोहोचले. खेड्यांतून, शेतांतून माणसे आली. एकाच खाटेवर पाळीपाळीने झोपू लागली. हंट्सव्हिल या तेरा हजार वस्तीच्या गावाजवळ १९४१ मध्ये रासायनिक शस्त्रांचा आणि दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. टस्कीगी येथे कृष्णवर्णीय तरुणांना वैमानिक करण्याचा प्रयोग सुरू झाला. या तरुणांना विमान चालविणे जमणार नाही, असे मानणारे सेनाधिकारी पुष्कळ होते. १९४१ च्या मार्चमध्ये अध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट टस्कीगीला आल्या आणि तेथील प्रशिक्षक चार्ल्स अँडरसन यांच्या विमानात बसून फेरी मारून आल्या. त्या फेरीच्या छायाचित्राने अनेक लेखी अहवालांहून अधिक काम केले. युद्ध संपेपर्यंत सुमारे एक हजार वैमानिक टस्कीगीत तयार झाले.

परंतु कारखान्याच्या फाटकातून आत शिरल्यावरही रेषा पुसली जात नव्हती. २५ मे १९४३ रोजी मोबीलच्या एका मोठ्या गोदीत बारा कृष्णवर्णीय कामगारांना वेल्डरच्या कुशल जागी नेमताच गोऱ्या कामगारांनी लोखंडी नळ्या आणि हत्यारे घेऊन दिसेल त्या कृष्णवर्णीयावर हल्ला चढविला. तोडगा काय निघाला? कृष्णवर्णीयांसाठी जहाजबांधणीचे चार स्वतंत्र धक्के. तेथे त्यांनी मुकादमी सोडून सर्व कामे करावीत. युरोपात वंशश्रेष्ठत्वाच्या तत्त्वाशी लढण्यासाठी जहाजे बांधली जात होती, आणि ती कोणत्या धक्क्यावर कोणी बांधायची हे वर्णावर ठरत होते.

माँटगोमेरीच्या मॅक्सवेल विमानतळावर मात्र एक वेगळी व्यवस्था होती. तो केंद्र सरकारचा लष्करी तळ असल्याने त्याच्या हद्दीतील वाहनात कोणीही कोठेही बसत असे. रोझा पार्क्स यांनी तेथे काही काळ काम केले होते. तळावर गोऱ्या सहकाऱ्यांच्या शेजारी बसून त्या फाटकापर्यंत येत आणि फाटकाबाहेर शहराच्या बसमध्ये चढल्या की मागच्या बाकांकडे जात. मॅक्सवेलने आपले डोळे उघडले, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. भेदभाव हा निसर्गनियम नसून केवळ एका शहराचा वटहुकूम आहे, हे त्यांना त्या रोजच्या प्रवासाने दाखविले.

१ डिसेंबर १९५५ रोजी सायंकाळी त्यांनी बसमधील जागा सोडण्यास नकार दिला. ही घटना सर्वश्रुत आहे आणि ती बहुधा एका थकलेल्या स्त्रीचा अवचित उद्रेक म्हणून सांगितली जाते. ते बरोबर नाही. त्या अनेक वर्षे नागरी हक्कांच्या संघटनेचे काम करीत होत्या. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये क्लॉडेट कॉल्विन या पंधरा वर्षांच्या मुलीलाही याच कारणासाठी अटक झाली होती. रोझा यांच्या अटकेची वार्ता कळताच स्थानिक महाविद्यालयातील प्राध्यापिका जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी रातोरात हजारो पत्रके चक्रमुद्रित केली. ५ डिसेंबरच्या सोमवारी शहरातील बसगाड्या जवळपास रिकाम्या धावल्या. बसच्या उताऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय होते. तो एका दिवसाचा बहिष्कार ३८१ दिवस चालला.

या ३८१ दिवसांचे श्रेय सव्वीस वर्षांच्या एका तरुण धर्मोपदेशकाच्या वक्तृत्वाला दिले जाते. मार्टिन ल्यूथर किंग यांची थोरवी वादातीत आहे. तथापि वर्षभर माणसे चालली ती पायांनी, आणि ज्यांना चालणे शक्य नव्हते त्यांच्यासाठी सुमारे तीनशे मोटारींची व्यवस्था उभारावी लागली. तिच्या पेट्रोलचा खर्च कोण करणार? जॉर्जिया गिलमोर नावाच्या स्वयंपाकीणबाई एका खाणावळीत काम करीत. बसचालकांच्या वागणुकीविरुद्ध त्यांनी न्यायालयात साक्ष दिली आणि नोकरी गमावली. मग घरच्या चुलीवरच त्यांनी स्वयंपाक सुरू केला. आसपासच्या स्त्रियांना गोळा करून केक, पाय आणि जेवणाचे डबे करायचे, ते गोऱ्या-काळ्या सर्वांना विकायचे आणि मिळालेली रक्कम सभेत आणून द्यायची. पैसे कोठून आले, असे विचारल्यास उत्तर ठरलेले होते : कोठूनच नाही. त्यांच्या मंडळाचे नावच ‘कोठूनही न आलेले मंडळ’ अशा अर्थाचे होते. घरकामाला जाणाऱ्या स्त्रियांची नावे मालकिणींच्या कानी जाऊ नयेत, हा त्यातील शहाणपणा. १९९० च्या मार्चमध्ये सेल्मा पदयात्रेच्या पंचविसाव्या वर्षाचा सोहळा होता. जॉर्जियाबाई पहाटे उठून त्याच्या स्वयंपाकाला लागल्या आणि त्याच दिवशी त्यांचे निधन झाले. त्यांनी करून ठेवलेले जेवण अंत्यसंस्काराला आलेल्यांना वाढण्यात आले.

बहिष्काराची वार्ता डिसेंबर १९५५ मध्येच नागपुरात पोहोचली होती. तेथील हिस्लॉप महाविद्यालयात जेम्स लॉसन हे सत्तावीस वर्षांचे अमेरिकन कृष्णवर्णीय मिशनरी शिक्षक होते. कोरियाच्या युद्धात सैन्यभरतीला नकार दिल्याबद्दल त्यांनी तुरुंगवास भोगला होता आणि १९५३ पासून ते नागपुरात राहून गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करीत होते. एके सकाळी स्थानिक वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर माँटगोमेरीचे वृत्त पाहून ते आनंदाने ओरडले आणि टाळ्या पिटू लागले, अशी आठवण ते आयुष्यभर सांगत. ज्या मार्गाची ते इतकी वर्षे कल्पना करीत होते, त्या मार्गावर त्यांचेच बांधव चालू लागले होते. १९५६ मध्ये ते मायदेशी परतले. पुढील फेब्रुवारीत ओहायोतील ओबर्लिन महाविद्यालयात त्यांची किंग यांच्याशी भेट झाली. शिक्षण पुरे करून दक्षिणेत येईन, असे लॉसन म्हणाले, तेव्हा किंग यांचा आग्रह होता की आत्ताच या.

लॉसन टेनेसीतील नॅशव्हिलला गेले आणि एका चर्चच्या तळघरात त्यांनी विद्यार्थ्यांचे वर्ग सुरू केले. हे वर्ग व्याख्यानांचे नव्हते. एकाने खुर्चीवर बसायचे, इतरांनी त्याला शिव्या घालायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून ढकलून द्यायचे. आणि बसलेल्याने हात उचलायचा नाही. अहिंसा ही केवळ भावना नसून सरावाने अंगी बाणवायची गोष्ट आहे, हे व्रतनियम पाळणाऱ्या वाचकांना निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. त्या तळघरात बसलेल्यांत डायेन नॅश, जॉन लुईस, जेम्स बेव्हल, बर्नार्ड लाफायेट ही मंडळी होती. पुढील पाच वर्षांतील अलाबामाचा इतिहास मोठ्या प्रमाणात याच नावांनी लिहिला गेला. स्वतः किंग माँटगोमेरीचे धर्मोपदेशक असतानाच १९५९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भारतात येऊन गेले आणि मुंबईत मणिभवनात राहिले; पण नागपूरची ही वाट अधिक दूर पोहोचली असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

१९६१ च्या मे महिन्यात आंतरराज्य बसगाड्यांतून गोरे-काळे एकत्र प्रवास करीत निघालेल्या तुकडीची बस अलाबामातील अ‍ॅनिस्टनजवळ पेटवून देण्यात आली. मोहीम थांबणार असे दिसताच डायेन नॅश यांनी नॅशव्हिलहून दुसरी तुकडी पाठविली. निघण्यापूर्वी काहींनी मृत्युपत्रे लिहून ठेवली होती. माँटगोमेरीच्या बसस्थानकावर जॉन लुईस यांना बेशुद्ध होईपर्यंत मारण्यात आले. लुईस अलाबामाच्याच ट्रॉय गावाजवळच्या शेतकऱ्याचे पुत्र.

बर्मिंगहॅम हे खनिज लोह, कोळसा आणि चुनखडी एकत्र सापडल्याने १८७१ मध्ये वसलेले पोलादनगर. तेथे फ्रेड शटल्सवर्थ हे धर्मोपदेशक, घरावर बॉम्ब पडूनही, कित्येक वर्षे झुंजत होते. १९६३ च्या वसंतात किंग तेथे आले, पण वडीलधाऱ्यांना नोकऱ्या जाण्याची भीती होती. तेव्हा बेव्हल यांनी शाळकरी मुलांना साद घातली. २ मे रोजी मुले गाणी गात रांगेने बाहेर पडली आणि शेकड्यांनी अटक झाली. दुसऱ्या दिवशी अग्निशामक दलाचे पाण्याचे फवारे आणि पोलिसी कुत्रे त्यांच्यावर सोडण्यात आले. मुलांना पुढे करणे योग्य होते का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही त्याचे सोपे उत्तर नाही. १० मे रोजी समझोता झाला. १५ सप्टेंबरच्या रविवारी सोळाव्या रस्त्यावरील चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली मृत्युमुखी पडल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकरा वर्षांची. त्यांच्या मारेकऱ्यांपैकी एकाला शिक्षा झाली १९७७ मध्ये, दुसऱ्याला २००१ मध्ये, तिसऱ्याला २००२ मध्ये.

मग सेल्मा. मतदानहक्कासाठी ७ मार्च १९६५ रोजी सुमारे सहाशे माणसे लुईस आणि होझेया विल्यम्स यांच्यामागे पूल ओलांडू लागली आणि पलीकडे उभ्या असलेल्या राज्य पोलिसांनी लाठ्या, अश्रुधूर आणि घोडे यांनिशी त्यांना मागे रेटले. त्या रात्री एका दूरचित्रवाणी वाहिनीवर नाझींवरील न्युरेंबर्ग खटल्याचा चित्रपट चालू होता. तो मध्येच थांबवून सेल्माची दृश्ये दाखविण्यात आली. दोन आठवड्यांनी न्यायालयाच्या परवानगीने आणि सैन्याच्या संरक्षणात पदयात्रा पुन्हा निघाली. चौपन्न मैल चालून ती २५ मार्च रोजी माँटगोमेरीच्या विधानभवनासमोर पोहोचली, जेथे १८६१ मध्ये ती शपथ झाली होती. पंचवीस हजारांचा समुदाय पायऱ्यांसमोर उभा होता. ६ ऑगस्ट रोजी मतदानहक्काच्या कायद्यावर स्वाक्षरी झाली.

याच वर्षांत राज्याच्या उत्तरेला वेगळीच गडबड चालू होती. १९५० मध्ये व्हर्नर फॉन ब्राउन आणि त्यांचे जर्मन सहकारी हंट्सव्हिलच्या युद्धकालीन कारखान्याच्या जागी अग्निबाण बनविण्यासाठी आले. हिटलरसाठी त्यांनी तयार केलेली क्षेपणास्त्रे छळछावणीतील कैद्यांच्या श्रमांतून बनली होती; हंट्सव्हिलने त्यांना सन्मानाने घरे दिली. १६,४३७ वस्तीचे गाव दहा वर्षांत ७२,३६५ चे शहर झाले. चंद्रावर माणूस नेणाऱ्या सॅटर्न अग्निबाणाची चाचणी होई तेव्हा घरांच्या काचा थरथरत. कालच्या शत्रूंना येथे कोठेही बसता येत होते. जन्माने तेथल्याच असलेल्या कृष्णवर्णीयांना दुकानातील जेवणाच्या टेबलावर बसण्यासाठी १९६२ मध्ये सत्याग्रह करावा लागला. केंद्र सरकारचा पैसा निघून जाईल, ही धास्ती व्यापाऱ्यांना होती आणि तिने काम सोपे केले. ९ सप्टेंबर १९६३ रोजी एका डॉक्टरांचा सहा वर्षांचा मुलगा वडिलांचे बोट धरून हंट्सव्हिलच्या शाळेत गेला आणि राज्यातील सार्वजनिक शाळांतील वर्णभेदाची भिंत प्रथम तेथे भेदली गेली. त्याआधी तीनच महिने गव्हर्नर जॉर्ज वॉलेस विद्यापीठाच्या दारात आडवे उभे राहिले होते. व्हिव्हियन मलोन या विद्यार्थिनीला त्यांनी अडविले होते. १९७२ च्या गोळीबाराने पंगू झालेल्या वॉलेस यांनी पुढे कृष्णवर्णीयांची क्षमा मागितली, आणि १९९६ मध्ये त्यांच्या पत्नीच्या नावाचा धैर्यपुरस्कार त्याच व्हिव्हियनबाईंना देण्यात आला. त्यांनी तो स्वीकारला.

त्यानंतरचा इतिहास कारखान्यांचा. १९९३ मध्ये मर्सिडीज कंपनीने टस्कलूसाजवळ व्हॅन्स हे ठिकाण निवडले. त्यासाठी राज्याने सुमारे पंचवीस कोटी डॉलरच्या सवलती दिल्या. मागोमाग होंडा आली, ह्युंदाई माँटगोमेरीत आली, पुढे माझदा आणि टोयोटा हंट्सव्हिलला. मोबीलचा ब्रुकली विमानतळ महायुद्धात हजारोंना रोजगार देत होता. १९६९ मध्ये तो लष्करी तळ बंद पडला आणि शहर हवालदिल झाले. आज त्याच जागी एअरबसची विमाने जोडली जातात. २०२० च्या जनगणनेत २,१५,००६ वस्तीच्या हंट्सव्हिलने बर्मिंगहॅमला मागे टाकून राज्यातील सर्वांत मोठे शहर होण्याचा मान मिळविला. तेथील अभियंत्यांत भारतीय कुटुंबेही आहेत. हंट्सव्हिललगतच्या मॅडिसन शहरात २०१५ मध्ये नातवासाठी भारतातून आलेले एक आजोबा सकाळी पदपथावर फिरत असताना, कोणी तरी अनोळखी माणूस हिंडतो आहे अशी तक्रार आली. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटले आणि ते अंशतः लुळे पडले. राज्याच्या गव्हर्नरांनी माफी मागितली. खटल्यात मात्र तो पोलीस निर्दोष सुटला.

माँटगोमेरीत २०१८ मध्ये एक स्मारक उभे राहिले. त्यात जमावाच्या हातून बळी पडलेल्या चार हजारांहून अधिक कृष्णवर्णीयांची नोंद गंजल्या रंगाच्या पोलादी स्तंभांवर कोरलेली आहे. २०२२ मध्ये मतदारांनी १९०१ च्या घटनेतील वर्णद्वेषी मजकूर काढून टाकण्यास संमती दिली.

सेल्माहून माँटगोमेरीकडे जाणारा तो चौपन्न मैलांचा रस्ता लाउंड्स नावाच्या परगण्यातून जातो. १९६५ च्या आरंभी तेथील ऐंशी टक्के वस्ती कृष्णवर्णीय होती आणि मतदारयादीत त्यांच्यापैकी एकही नाव नव्हते. पदयात्रेनंतर ज्या कुळांनी नाव नोंदविण्याचे धाडस केले त्यांना मालकांनी जमिनीवरून हुसकले. ती कुटुंबे त्या डिसेंबरात रस्त्याकडेला तंबू ठोकून राहिली. आज त्या परगण्यात मतदार आहेत, कृष्णवर्णीय अधिकारीही आहेत. पण कापसाला मानवणारी ती काळी माती पाणी जिरू देत नाही. शोषखड्डे तुंबतात, आणि गटारांची सोय नसलेल्या अनेक घरांचे सांडपाणी अंगणातच साचते. लाउंड्समध्येच वाढलेल्या कॅथरिन कोलमन फ्लॉवर्स यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. २०२३ च्या मे महिन्यात केंद्राच्या न्याय खात्याने त्यासंबंधी राज्याच्या आरोग्य खात्याशी करार केला. एप्रिल २०२५ मध्ये न्याय खात्याने तो करार संपुष्टात आणला. घरांमागील पाणी अद्याप तेथेच आहे.